एकादशी, फराळ आणि रक्तदाब

आषाढ शुद्ध एकादशीची पहाट. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटी स्नानासाठी दाटी झालेली असते. ज्यांना पंढरीस जाणे घडलेले नसते, अशा असंख्य घरांतूनही समई उजळलेली असते, विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीला तुळशीचा हार पडलेला असतो, आणि स्वयंपाकघरात आदल्या रात्री भिजत घातलेला साबुदाणा मोकळा झाला की नाही याची पाहणी चाललेली असते. अलीकडे याच घरांतून आणखी एक वस्तू दृष्टीस पडू लागली आहे. देवघरालगतच्या फडताळात, औषधांच्या डब्याशेजारी, रक्तदाब मोजण्याचे छोटेसे यंत्र असते. सायंकाळी आरती आटोपली की घरातील कोणी वडीलधारे सहज म्हणून दंडाला पट्टा बांधतात आणि म्हणतात, "पाहू तरी, आजच्या उपासाने काय फरक पडला तो!"

प्रश्न मोठा रास्त आहे. उपवासाने रक्तदाब उतरतो असे कोणी छातीठोकपणे सांगतो, तर उपवासाच्या दिवशी आपले डोके ठणकते व रक्तदाब चढतो अशी दुसऱ्याची तक्रार असते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. कोणता उपवास, किती वेळाचा आणि कशावर केलेला, हे मात्र दोघेही सांगत नाहीत. सारे उत्तर तर तेवढ्यातच दडलेले आहे.

प्रथम व्रताकडे वळू. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. देवाच्या सन्निध राहणे हा उपवासाचा मूळ अर्थ. अन्न वर्ज्य करणे हे त्याचे अंग. आपल्या धर्मशास्त्राने या अंगाचाही बारकाईने विचार केलेला आहे. पूर्ण एकादशी करणाऱ्याने दशमीस एकभुक्त राहावे, एकादशीस निराहार असावे आणि द्वादशीस पारणे करून पुन्हा एकदाच जेवावे, असा विधी आहे. तीन दिवसांतील सहा जेवणांपैकी चार सोडावयाची, म्हणूनच उपवास म्हणजे चार भोजनांचा त्याग असे म्हटले जाते. याचा घड्याळाने हिशेब केला तर दशमीच्या दुपारपासून द्वादशीच्या सकाळपर्यंत सुमारे चाळीस तास होतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हे शास्त्र कठोर मात्र नाही. आठ वर्षांच्या आतील बालकास आणि ऐंशी वर्षांवरील वृद्धास त्याने एकादशीच्या बंधनातून मोकळे केले आहे. ज्याला पूर्ण उपवास झेपत नाही त्याच्यासाठी नक्त आहे, एकभुक्त आहे, फलाहार आहे, दूध आहे. आजारी माणसाच्या वतीने घरातील दुसऱ्या कोणी उपवास करावा, अशीही सोय आहे. पंढरपूरचेच काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास सिद्ध केलेला 'धर्मसिंधु' हा ग्रंथ महाराष्ट्रात आजही प्रमाण मानला जातो. अशक्तांसाठी केलेल्या या सवलती त्यातही नमूद आहेत. ज्यांच्या दारात विठ्ठल उभा, त्या पंढरपूरच्या शास्त्र्यांनाही माणसाच्या देहाची अशी काळजी होती.

आता देहाकडे. हृदय आकुंचन पावते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो दाब पडतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावते तेव्हा उरतो तो खालचा. निरोगी प्रौढाच्या बाबतीत हे आकडे १२० आणि ८० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतात. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून हा दाब मोजला आणि त्याचा वृत्तांत १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. दंडाला पट्टा बांधण्याची सोपी युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली, तर नळी लावून ठोके ऐकण्याची पद्धत रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ मध्ये सांगितली. त्यापूर्वीच्या पिढ्यांनी उपवास केले ते आकड्यांवाचूनच; आणि भक्तीला आकड्यांची गरज नव्हतीच.

हा दाब मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतो: शिरांत रक्त किती आहे, हृदय ते किती जोराने ढकलते आणि धमन्या किती आवळलेल्या वा सैल आहेत. अन्न थांबले की या तिन्हींवर परिणाम होऊ लागतो; पण तो लगेच नव्हे, टप्प्याटप्प्याने.

जेवणानंतर काही तास आतड्यांतून येणारी साखर देहाला पुरते. ती सरली की यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर बाहेर पडू लागते. हा साठा साधारण एक दिवस पुरणारा. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा वापरला जातो तसतसे ते पाणीही सुटते. दोन दिवसांच्या उपवासानंतर वजनाच्या काट्यावर जी घट दिसते, तिच्यातील बराचसा वाटा चरबीचा नसून या पाण्याचा असतो. उपवासाने वजन घटल्याचा आनंद पारण्याच्या दुसऱ्या दिवशी मावळतो, त्याचे कारण हेच.

याच वेळी रक्तातील इन्सुलिन खाली येते. इन्सुलिनचा संबंध केवळ मधुमेहाशी आहे अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः हे द्रव्य मूत्रपिंडांनाही आज्ञा देते, आणि ती आज्ञा असते मीठ राखून ठेवण्याची. इन्सुलिन उतरले की आज्ञा सैल होते, मूत्रपिंडे सोडियम सोडू लागतात, सोडियमबरोबर पाणी जाते, आणि शिरांतील द्रवाचे प्रमाण किंचित घटते. उपवासाने रक्तदाब उतरण्याच्या कारणांपैकी हे एक प्रमुख कारण होय. मात्र ही क्रिया पहिल्या काही तासांत नाममात्र असते. खरा वेग तिला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. चाळीस तासांचा आकडा ध्यानात ठेवावा असे म्हटले ते यासाठीच. दशमीच्या एकभुक्तापासून मोजलेली एकादशी या क्रियेच्या उंबरठ्यापर्यंत निश्चित पोहोचते. सकाळी नऊ वाजता खिचडी आणि रात्री भगर-आमटी अशी एकादशी त्या उंबरठ्याच्या गावालाही जात नाही.

दुसरे कारण मज्जासंस्थेचे. हृदयाची गती वाढवणारी व धमन्या आवळणारी जी अनुकंपी मज्जासंस्था आहे, तिचा जोर अन्न तुटल्यावर मंदावतो, असे लँड्सबर्ग आणि यंग या दोन अमेरिकन वैद्यकांनी १९७० च्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. माणसाच्या पहिल्या दिवशीच्या उपवासात मात्र चित्र इतके सरळ नसते. रक्तातील साखर टिकवून धरण्यासाठी अ‍ॅड्रेनलिनची थोडी वाढ होते. कोणाला धडधडते, कोणाचे हात किंचित कापतात. 'उपास लागणे' हा आपल्या भाषेतील प्रयोग याच अवस्थेला उद्देशून आला असावा. चहा सोडून उपवास करणाऱ्यांचे दुपारनंतर जे डोके धरते, त्याचा दोष बहुधा उपवासाकडे नसून सुटलेल्या चहाकडे असतो. रोजच्या सवयीचे कॅफीन अचानक थांबले की डोके दुखू लागते. एकादशीला बोल लावण्यापूर्वी चहाच्या कपाची चौकशी करावी, हे बरे!

एवढे सगळे होत असूनही निरोगी माणसाचा रक्तदाब एका दिवसाच्या उपवासाने फारसा हलत नाही, आणि हीच त्याच्या निरोगीपणाची खूण आहे. मानेच्या धमन्यांत दाबाची जाणीव ठेवणारी सूक्ष्म केंद्रे असतात. दाब थोडा उतरला की ती मेंदूला कळवतात, हृदय जरा वेगाने धावते, धमन्या आवळतात, मूत्रपिंडे पाणी राखू लागतात. एखाद्या कर्तबगार गृहिणीने महिनाअखेरीस पैशाची चणचण पाहुण्यांच्या लक्षातही येऊ देऊ नये, तसा हा देहाचा कारभार चालतो. तेव्हा सायंकाळी यंत्रावर दोन-चार आकड्यांचा फरक दिसला तर त्यात हर्ष मानण्यासारखे वा घाबरण्यासारखे काही नाही. तेवढा फरक जिना चढून आल्याने, बोलत बोलत मोजल्याने किंवा हात हृदयाच्या पातळीवर न ठेवल्यानेही पडतो. पाच मिनिटे शांत बसून मग मोजावे, हा पहिला नियम.

मग धार्मिक उपवासांचा रक्तदाबावर परिणाम होतो, असे जे वाचनात येते ते कशाच्या आधारावर? या विषयावरील मोठे संशोधन झाले आहे ते आपल्या एकादशीवर नव्हे, तर मुस्लिम बांधवांच्या रमजानच्या रोजांवर. लंडनमध्ये ८५ रोजेदारांचा रक्तदाब रमजानपूर्वी व नंतर मोजण्यात आला. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वरचा आकडा सरासरीने सुमारे ७ मिलिमीटर आणि खालचा सुमारे ३ मिलिमीटर उतरलेला आढळला. वजन वा देहातील पाणी घटल्याने हे घडले असे म्हणावे, तर त्या घटीचा हिशेब वजा करूनही उतार शिल्लक राहिला. त्याच संशोधकांनी जगभरच्या ३३ अभ्यासांतील तीन हजारांहून अधिक माणसांचे आकडे एकत्र केले, तेव्हा उतार अधिक माफक निघाला: वर ३ आणि खाली २ मिलिमीटरच्या आसपास. हा उतार निरोगी माणसांतही दिसला आणि रक्तदाबाच्या रुग्णांतही. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांत मात्र दिसला नाही.

तीन मिलिमीटर म्हणजे किती? एका माणसाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही. संपूर्ण समाजाचा रक्तदाब तेवढा उतरला तर पक्षाघात व हृदयविकार यांच्या संख्येत जाणवण्याजोगी घट होईल. पण रोजे महिनाभर सलग असतात, एकादशी पंधरवड्यातून एकदा येते. एकाचा आकडा दुसऱ्यास लावता येणार नाही. आपल्या एकादशीशी अधिक जुळणारे उदाहरण अमेरिकेतील उटा राज्यात मिळते. तेथील मॉर्मन पंथाचे लोक महिन्यातून एक दिवस, पहिल्या रविवारी, उपवास करतात. हृदयाच्या धमन्यांची तपासणी करून घेतलेल्या रुग्णांची तेथे पाहणी झाली. नियमाने उपवास करणाऱ्यांत धमन्यांचा विकार कमी आढळतो, असे निरीक्षण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात जो माणूस वर्षानुवर्षे नेमाने उपवास करतो तो बहुधा इतर बाबतींतही संयमी असतो. धूम्रपान नाही, मद्य नाही, वेळेवर झोप. तेव्हा श्रेय उपवासाला किती आणि त्या संयमाला किती, हे वेगळे काढणे अवघड. भाविकाला ते वेगळे काढण्याची गरजही वाटणार नाही.

दीर्घ उपवासाची गोष्ट निराळी. जर्मनीतील एका उपवास-चिकित्सालयात १४२२ जणांनी चार ते एकवीस दिवस अत्यल्प आहारावर, वैद्यांच्या नजरेखाली काढले. त्यांचा वरचा आकडा सरासरीने सुमारे ११ मिलिमीटर उतरल्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. आपल्या स्मरणातील दीर्घ उपवास म्हणजे महात्माजींचा. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ असा एकवीस दिवसांचा उपवास त्यांनी केला. त्यांना रक्तदाबाचा विकार होता, वय त्र्याहत्तर होते, आणि वैद्यांचा ताफा सतत जवळ होता. पाणी पिववे म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालण्याची मुभा त्यांनी आरंभीच जाहीर केली होती. प्राणत्याग हा त्या उपवासाचा हेतू नव्हता. असे उपवास हे अनुकरणाचे विषय नव्हेत, हे सांगावयास नकोच.

आता फराळाकडे येऊ. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, त्याला मराठी घर पुरते ठाऊक होते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात. त्यात शेंगदाण्याचा कूट, बटाटा, तूप पडले की एका बशीत साध्या भाजी-भाकरीच्या जेवणाएवढे, किंबहुना अधिकच उष्मांक होतात. आणि मुद्दा केवळ उष्मांकांचा नाही. हे पिष्ट झपाट्याने साखर होऊन रक्तात उतरते आणि इन्सुलिन भराभर वर चढते. चढलेले इन्सुलिन मूत्रपिंडांना पुन्हा मीठ राखून ठेवण्यास सांगते. आपण व्रतस्थ आहोत हे देवाला कळते, शेजाऱ्यांना कळते; मूत्रपिंडांना मात्र इन्सुलिनचीच भाषा कळते, आणि त्या भाषेत खिचडीचा दिवस हा उपवासाचा दिवस नसतो.

त्यातून मीठ. सपाट चमचाभर मीठ म्हणजे पाच-सहा ग्रॅम. चौघांच्या खिचडीत चमचा-दीड चमचा मीठ सहज पडते. म्हणजे एका बशीत दीड ग्रॅमच्या आसपास झाले. त्यावर बटाट्याचा तळलेला चिवडा, वेफर, उपवासाचे लिंबाचे लोणचे, मीठ घातलेले ताक आणि रात्रीची शेंगदाण्याची आमटी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा सांगितली आहे ती पाच ग्रॅमांहून कमी. भारतीय माणूस एरवीच दिवसाला सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. फराळाचा दिवस त्याला मागे टाकण्याचीच शक्यता अधिक.

येथे कोणी गृहिणी म्हणेल, आम्ही उपवासाला सैंधव वापरतो. सैंधवाची शुचिता धर्मदृष्ट्या मान्य आहे; त्याविषयी वाद नाही. परंतु खाणीतून निघाले तरी तेही मीठच. त्यात शेकडा पंच्याण्णवांहून अधिक भाग सोडियम क्लोराइडचाच असतो, आणि रक्तदाबाच्या दृष्टीने साध्या मिठात व त्यात नाव घेण्याजोगा फरक नाही. उलट त्यात सहसा आयोडीन मिसळलेले नसते, म्हणून बारमाही वापरासाठी ते योग्यही नव्हे.

एक गंमत जाता जाता सांगण्यासारखी आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज व इतर दर्यावर्दी लोकांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. ज्या स्मृतिकारांनी एकादशीला धान्य वर्ज्य सांगितले, त्यांना यांतील एकही पदार्थ ठाऊक नव्हता. त्यांनी नावे घेऊन मना केले नाही म्हणून आपण ते चालवून घेतले! आज साबुदाणा येतो तो बहुतांशी तामिळनाडूतील सेलमकडून. शास्त्राच्या मनातला फलाहार हा फळे, कंद आणि दूध यांचा साधा आहार होता. उकडलेले रताळे, केळे, चार खजूर, पेलाभर दूध किंवा मिठावाचून केलेले ताक, शहाळ्याचे पाणी, एवढ्यावर दिवस काढला तर मीठ आपोआप घटते. या पदार्थांतील पोटॅशियमही सोडियम बाहेर टाकण्यास हातभार लावते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र शहाळे-केळी वैद्यांस विचारूनच घ्यावी. त्यांना पोटॅशियम जड जाते.

निर्जळी उपवासाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण निरोगी माणसाला खरा धोका संभवतो तो तेथे. ज्येष्ठातील निर्जला एकादशी उन्हाळ्याच्या कडेलोटावर येते. भाद्रपदातील हरतालिकेला अनेक सुवासिनी व कुमारिका दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाहीत. आमच्या आळीत काही वर्षांपूर्वी हरतालिकेच्या पूजेला बायका जमल्या होत्या. वाळूचे शिवलिंग मांडलेले, पत्रींचा ढीग, कथा झाली, आणि आरतीसाठी सर्वजणी उठल्या. त्यांतील एक तिशीच्या आतली, चांगली धडधाकट सून उठली ती दोन पावले जाऊन कोसळली. सगळ्या धावल्या. तिला बसते करावयाची एकच धडपड सुरू झाली, आणि जितके बसवावे तितकी ती अधिकच मान टाकू लागली. शेजारच्या वाड्यातील डॉक्टरांनी येऊन आधी गर्दी हटवली, तिला जमिनीवर सपाट निजविले आणि पाय पाटावर उंच ठेवले. दोन मिनिटांत तिने डोळे उघडले. पाणी पुढे केले तेव्हा मात्र मान हलवून ती नको म्हणाली. त्या घरच्या आजींनी मग पूजेतील तीर्थाचा तांब्या उचलला, तिच्या ओंजळीत एकामागून एक पळ्या घालीत गेल्या आणि म्हणाल्या, "घे बाई, तीर्थ आहे. तीर्थाला नाही म्हणू नये." पेलाभर तीर्थ पोटात गेल्यावरच त्या थांबल्या.

त्या सुनेला रोग कोणताच नव्हता. माणूस बसलेला उठून उभा राहिला की अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे ओघळते. एरवी मानेतील ती जागरूक केंद्रे क्षणार्धात धमन्या आवळून दाब सावरतात. पाणी नाही, पोटात अन्न नाही, उकाड्याने घाम गेलेला, तासभर एका जागी बसलेले अंग. अशा वेळी सावरण्यास लागणारा अवधी वाढतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस वा अधिक मिलिमीटर उतरला तर वैद्यक त्याला दोष मानते. उपाय साधे आहेत. पूजेवरून उठताना एकदम उठू नये. आधी पाय हलवावे, आधार धरावा, मग उभे राहावे. अंधारी आली तर लाज न बाळगता तेथेच आडवे व्हावे. आणि पाणी प्यावे. रक्तदात्यास घेरी येऊ नये म्हणून रक्तदानापूर्वी अर्धा लिटर पाणी पाजतात, इतके ते गुणकारी आहे.

पंढरीच्या दर्शनबारीत तासन्तास उभे राहणाऱ्या उपवासी वारकऱ्यालाही हाच नियम लागू आहे. निश्चल उभे राहणे सर्वांत वाईट. पोटऱ्यांचे स्नायू हलले की ते पायांतील रक्त पिचकारीसारखे वर ढकलतात. आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेला वारकरी टाळाच्या ठेक्यावर पावली खेळत असतो, तेव्हा त्याच्या पोटऱ्या हे काम आपसूक करीत असतात. बारीत उभे असताना ठेका धरून पाय उचलत राहावे. नामस्मरणही होते आणि घेरीही टळते.

नामस्मरणावरून आठवले. इटलीतील पाव्हिया येथे ल्युचानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी प्रौढांकडून ख्रिस्ती जपमाळेवरील प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुं' हा मंत्र म्हणवून घेतला. त्यांचा निबंध २००१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन्ही जपांत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि मानेतील दाबकेंद्रांची संवेदना सुधारली. भिन्न धर्मांचे दोन जप, आणि श्वास एकाच लयीत! उपवासाच्या दिवशी पदार्थ रांधण्यात जाणारा वेळ संथ जपाकडे वळला तर 'उप-वास' हा शब्दही सार्थ होईल. रात्रीच्या जागराबद्दल मात्र ज्यांचा रक्तदाब मुळातच सीमेवर आहे त्यांनी बेताने घ्यावे. झोपेत रक्तदाब शेकडा दहा ते वीसने उतरतो. ती विश्रांती हुकली की दुसऱ्या दिवशी आकडा चढा राहतो.

हे झाले निरोगी माणसापुरते. परंतु ज्या घरात एक निरोगी माणूस एकादशी करतो, त्याच घरात रक्तदाबाची गोळी घेणारे आई-वडीलही करतात, आणि "आज उपास आहे, गोळी उद्या" हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? हे वाक्य शास्त्रास धरून नाही. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध, या आठ गोष्टींनी व्रताचा भंग होत नाही, असा निर्णय धर्मशास्त्राने फार पूर्वी दिलेला आहे. यादीच्या आरंभी पाणी आहे आणि शेवटी औषध. आणि रक्तदाबाचे औषध म्हणजे परकीय वस्तू असेही नाही. आपल्या रानांत होणाऱ्या सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रुग्णांवरील अनुभवांसह जगापुढे मांडला. आधुनिक जगाला रक्तदाबावरील पहिल्या काही परिणामकारक औषधांपैकी एक त्यातून मिळाले. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी निर्जळीचा विचारच सोडावा, आणि मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपवासापूर्वीच, दशमीच्याही आधी, आपल्या डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. एका दिवसाची गोळी स्वतःच्या मनाने वगळणे आणि दुसऱ्या दिवशी दोन घेणे, यांसारखा अविचार नाही.

द्वादशीच्या पारण्याविषयीही दोन शब्द. उपवास सुटला म्हणून पुरणावरणाचे भरगच्च पान जेवून वृद्ध मंडळी लगेच उठून चालू लागली तर घेरी येण्याचा संभव असतो. जेवणानंतर रक्त पोटाकडे ओढले जाते आणि वाढत्या वयात तासा-दोन तासांपर्यंत रक्तदाब खाली राहू शकतो. थोडे खाऊन, थोडे थांबून, पुन्हा थोडे खावे.

एकादशी एका दिवसाची, पण आजपासून सुरू होणारा चातुर्मास चार महिन्यांचा. श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल वर्ज्य करण्याचा नेम पुष्कळांना ठाऊक आहे. चातुर्मास्यात एखादा आवडीचा पदार्थ सोडण्याचे जे संकल्प सांगितलेले आहेत, त्यांत गूळ, तेल यांच्याबरोबर मिठाचाही समावेश आहे. हा नेम आता क्वचित कोणी धरतो. रक्तदाबाच्या दृष्टीने पाहता साऱ्या नेमांत तोच अधिक मोलाचा ठरावा. रोजचे मीठ साडेचार ग्रॅमच्या आसपास घटवून ते महिनाभर वा अधिक काळ तसेच ठेवले, तर निरोगी माणसाचाही वरचा आकडा दोन मिलिमीटरच्या वर उतरतो आणि रक्तदाब असलेल्यांचा पाचाच्या आसपास, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून २०१३ मध्ये दिसून आले. एका दिवसाच्या उपवासाने गेलेले सोडियम पारण्याबरोबर परत येते. चार महिन्यांच्या नेमाने जिभेची चवच बदलते. मीठ सर्वस्वी सोडण्याचा हट्ट नसावा. उन्हातान्हात राबणाऱ्याला ते हवेच. पण शिजवताना निम्मे घालावे आणि पानात वरून घेऊ नये, एवढा नेम कोणत्याही गृहस्थास पाळता येण्याजोगा आहे.

आपल्याकडे पान वाढावयाचे ते प्रथम मीठ वाढून, मग लिंबाची फोड, मग चटणी-कोशिंबीर. देवाच्या नैवेद्याच्या पानात मात्र अनेक घरांतून मीठ वाढीत नाहीत. यंदा द्वादशीला पारण्याची पाने मांडताना, ज्याने हा नेम धरला असेल त्याचे पान घरच्या सुनेने देवाच्या पानासारखेच वाढावे.